भत्ता एकच, लंडन मात्र महाग

गिरणाकाठच्या भडगावातून आपला मुलगा विलायतेला शिकायला निघतो, तेव्हा घरात एकच नाव निघते, लंडन. साहजिकच आहे. १९२१-२२ साली बाबासाहेब तिथे १०, किंग हेन्रीज रोडवर राहिले. २०१५ साली ते घर महाराष्ट्र शासनाने विकत घेतले. पण तिथे ते अर्धपोटी राहून शिकले, हे आपण सोयीने विसरतो.

राजर्षी शाहू परदेश शिष्यवृत्तीत ब्रिटनसाठी ठरलेला निर्वाह भत्ता वर्षाला ९,९०० पौंड, म्हणजे महिन्याला ८२५. २०२५ च्या सुरुवातीला खुद्द ब्रिटिश सरकार व्हिसासाठी लंडनचा महिन्याचा खर्च १,४८३ पौंड धरत होते, लंडनबाहेरचा १,१३६. तूट दोन्हीकडे आहेच. पण एकीकडे ६५८ पौंडांची, दुसरीकडे ३११ ची. ती भरायची कोणी? शेतमजूर बापाने? शासन मात्र शहर न पाहता सर्वांना एकाच मापाने मोजते.

तेव्हा मँचेस्टर, लीड्स, शेफील्ड निवडण्यात कमीपणा कसला? वुल्व्हरहॅम्प्टनला तर पंजाबी आंबेडकरी बांधवांचे बुद्धविहार आहे. परमुलखात आपले माणूस भेटते. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये प्रवेश मिळाला तर तो अवश्य घ्यावा. मात्र आधी खोलीचे भाडे विचारावे, मग विमानाचे तिकीट काढावे. आणि लंडनसाठी वेगळ्या भत्त्याची मागणी आपल्या विद्यार्थी संघटनांनी समाजकल्याण खात्याकडे आताच लावून धरावी.