कासची मर्यादा गेटपुरती नको

भाद्रपदात साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर तेरडा आणि गेंद फुलले, की यवतेश्वर घाटात गाड्यांची रांग लागते. जांभ्या कातळावरच्या बोटभर मातीत ही फुले तग धरतात. फोटोसाठी आत घुसणाऱ्या प्रत्येक पावलाखाली पुढच्या वर्षीचे बी चिरडले जाते.

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा ठरवले. कास, कोयना आणि चांदोली त्यांतलीच. कासचा भार पेलला तो भोवतालच्या गावांनी. कास, कासाणी, एकीव, आटाळीच्या वन व्यवस्थापन समित्यांनी वनविभागासोबत शुल्क, ऑनलाइन नोंदणी आणि दिवसाला ३००० पर्यटकांची मर्यादा लागू केली. हंगामात गावातल्या पोरांना गावातच काम मिळाले. फुले वाचवायला घातलेल्या कुंपणाने गुरांची चराई थांबली, गवत माजले, फुले कमी झाली, हे गावकऱ्यांनीही ओळखले. कुंपण अखेर काढावे लागले.

पण मर्यादा गेटवरच संपते. गेटबाहेर रस्त्याकडेला हॉटेले आणि फार्महाउस वाढतच आहेत, आणि त्याच परिसरातल्या कास तलावाचे पाणी सातारा शहर पिते. आता सातारा, जावळी, पाटण तालुक्यांतील गावांत राज्य रस्ते विकास महामंडळामार्फत ‘नवीन महाबळेश्वर’ हे गिरिस्थान आखले जात आहे. जुने महाबळेश्वर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तरी सुट्टीत तिथला रस्ता तुंबतो. मग नवे कशाच्या बळावर वेगळे होणार?

सांगलीकडे शिराळ्याच्या बाजूने चांदोलीचे पर्यटन वाढवायची भाषा सुरू आहे. त्याला आमचा विरोध नाही. मात्र या जंगलासाठी गावेच्या गावे उठली. उत्पन्नाचा पहिला वाटा त्या विस्थापितांचा आणि गव्यांनी पीक तुडवलेल्या शेतकऱ्यांचा असला पाहिजे. धों. म. मोहिते यांच्या ध्यासातून उजाड डोंगरावर उभे राहिलेले सागरेश्वर अभयारण्य सांगली जिल्ह्यातच आहे. माणसांनी मनावर घेतले तर जंगल परत येते, हे सांगलीला वेगळे सांगायला नको.

सरकारने नव्या बांधकामाला परवानगी देण्याआधी प्रत्येक गावाचे उन्हाळ्यातले पाणी आणि सांडपाण्याची सोय तपासावी व ग्रामसभेची संमती बंधनकारक करावी. बाहेरच्या रिसॉर्टआधी गावातल्या घरांना निवास-न्याहारीचे परवाने द्यावेत. हंगामात खासगी गाड्या साताऱ्यातच थांबवून कासला एसटी सोडावी, आणि त्याची सुरुवात येत्या हंगामापासूनच व्हावी.