फुग्यातला गॅस

परवा ऑफिसात टीम-लीडचा बर्थडे होता. छताला चिकटलेले पन्नास चंदेरी फुगे! एकानं फुग्यातला गॅस ओढून मिकी माऊसच्या आवाजात ‘हॅपी बर्थडे’ म्हटलं. सगळे खिदळले. मला मात्र मामी आठवली.

माझी मामी हरसूलची. हरसूल म्हणजे नाशिकहून त्र्यंबकच्याही पुढं, गुजरातच्या हद्दीजवळ. मागच्या वर्षी तिची पाठ फारच धरली. मामा पहाटेच्या एसटीनं तिला एमआरआयसाठी नाशिकला घेऊन आला. काउंटरवर उत्तर मिळालं, ‘‘मशीन बंद आहे. हेलियम यायचाय. पुढच्या आठवड्यात या.’’

मामाचा मला फोन. ‘‘अरे, हेलियम म्हणजे फुग्यात भरत्यात तेच ना? मग अडलंय कुठं?’’

हसू नका! मलाही उत्तर येत नव्हतं. मग वाचत बसलो. एमआरआयचा चुंबक थंड ठेवायला उणे 269 अंशांचा द्रव हेलियम लागतो. नेहमीच्या मशीनमध्ये दीड-दोन हजार लिटर! तो कारखान्यात बनत नाही. जमिनीखाली युरेनियम, थोरियम कोट्यवधी वर्षं झिजतात, तेव्हा कुठं साठतो आणि नैसर्गिक वायूबरोबर वर येतो. हवेत सुटला की गेलाच, हळूहळू थेट अवकाशात. 1868 साली भारतातून दिसलेल्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या प्रकाशात एक पिवळी रेघ दिसली, ती याची पहिली खूण. आणि आज आपण जवळजवळ सगळा हेलियम बाहेरून आणतो!

अमेरिकेनं टेक्ससमध्ये जमिनीखाली सरकारी साठा करून ठेवला होता. 1996च्या कायद्यानं तो विकायला काढला. 2000 साली तज्ज्ञांची समिती म्हणाली, विक्रीनं फारसं बिघडणार नाही. 2010 साली दुसरी समिती म्हणाली, बिघडलं! बाहेरच्या देशांतली मागणी इतकी वाढेल, हे आधीच्या हिशेबात धरलंच नव्हतं. 2024 मध्ये तो साठा खासगी कंपनीकडे गेला. थोडक्यात, हिशेब तिकडं चुकतो आणि हेलपाटा हरसूलच्या मामीला पडतो.

मामीचा एमआरआय दहा दिवसांनी झाला. नस दबली होती. आता ती पुन्हा बाजाराला जाते. तिथला फुगेवाला गाल फुगवून फुगे फुगवतो. ते छताला चिकटत नाहीत, पोरांच्या हातात राहतात.

पुढच्या महिन्यात माझा बर्थडे आहे. केक तुम्ही आणा. फुग्यांचा पंप मी आणतोय!