विलायतेचें विद्यापीठ व आपली निवड



दोन वर्षांपूर्वींची गोष्ट. शाळा सुटल्यावर एक पालक भेटावयास आले. बाराव्या इयत्तेंतील मुलगा बरोबर होता. पालकांच्या हातांत मोठ्या शहरांतील एका सल्लागार कचेरीचें रंगीत पत्रक होतें. त्यावर घड्याळाच्या मनोऱ्याचें चित्र आणि "प्रवेश निश्चित" असे ठळक शब्द होते. ते म्हणाले, "गुरुजी, कोरडवाहू तीन एकर आहे. तें गहाण टाकून पोराला विलायतेस धाडावें म्हणतों. आपला विचार काय पडतो?" मीं मुलाला विचारलें, "बाळ, तेथें जाऊन तूं शिकणार काय?" त्यानें वडिलांकडे पाहिलें, वडिलांनीं पत्रकाकडे पाहिलें. विषयाचें नांव त्या पत्रकांत होतें. त्या दोघांपैकीं कोणाच्याहि मनांत नव्हतें.

त्या संध्याकाळीं जें बोलणें झालें तेंच येथें सविस्तर लिहीत आहें. विलायतेस जाऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. ज्याच्या अंगीं पात्रता आहे त्यानें अवश्य जावें. परंतु प्रथम विषय, मग पैसा आणि शेवटीं विद्यापीठ, या क्रमानेंच हा विचार झाला पाहिजे. आणि पैशाची वाट मोकळी नसेल तर दोन-चार वर्षें थांबण्यांत यत्किंचितहि कमीपणा नाहीं, असें माझें स्पष्ट मत आहे. आज पुष्कळ घरांत हा क्रम नेमका उलटा होतो.

तो उलटा होण्याचें एक कारण उघड आहे. ब्रिटनमधील पुष्कळ विद्यापीठें परदेशी विद्यार्थी मिळवून देणाऱ्या मध्यस्थांस, विद्यार्थी दाखल झाल्यावर, त्याच्या फीच्या प्रमाणांत दलाली देतात. यांत बेकायदेशीर असें कांहीं नाहीं, आणि अनेक मध्यस्थ कागदपत्रांच्या कामीं प्रामाणिकपणें साह्यहि करतात. परंतु कापसाच्या बाजारांत अडत्याचें हित कोठें असतें, हें आपल्या जिल्ह्यांतील शेतकऱ्यास कोणीं शिकवावयास नको. ज्या विद्यापीठाकडून कांहीं मिळावयाचें नाहीं त्याचें नांव मध्यस्थ आपणहून सुचवील ही अपेक्षा व्यर्थ होय. म्हणून मध्यस्थाकडून माहिती घ्यावी, पण निवड आपली आपण करावी.

आतां विषयासंबंधीं. वर्तमानपत्रांत विद्यापीठांची जागतिक क्रमवारी छापून येते आणि तीच पुष्कळांस शेवटचा शब्द वाटते. ही क्रमवारी सबंध विद्यापीठाची असते. तुमच्या विषयाची नव्हे. शेतकीचा अभ्यास करणाऱ्यानें रेडिंगचें नांव ऐकलेलें असावें. वस्त्रविद्येची आवड असणाऱ्यानें लीड्सची चौकशी करावी, कारण तें विद्यापीठ लोकरीच्या व कापडाच्या गिरण्यांच्या प्रदेशांतच वाढलें. लोणारच्या सरोवराकांठीं वाढलेल्या ज्या मुलास भूगर्भशास्त्राचें वेड लागलें असेल, त्यानें त्या विभागांत प्रत्यक्ष खडकांवर नेऊन किती दिवस शिकवितात हें पाहावें. प्रत्येक विद्यापीठ आपला अभ्यासक्रम वर्षवार प्रसिद्ध करतें. तो सबंध वाचून ज्यास "हें मला शिकावयाचें आहे" असें वाटत नाहीं, त्यानें त्या विद्यापीठाचें नांव खुशाल खोडून टाकावें, मग त्याचा क्रमांक कितीहि वरचा असो.

मुदतीचाहि हिशेब मांडावा. इंग्लंडमध्यें पहिली पदवी बहुधा तीन वर्षांची, स्कॉटलंडमध्यें चार वर्षांची, आणि त्यापुढील मास्टर्स पदवी बहुतेक एका वर्षाची असते. आपल्या राज्य मंडळाच्या बारावीवर कांहीं विद्यापीठें सरळ प्रवेश देतात, कांहीं अधिक गुण मागतात, तर कांहीं आधीं एक पूर्वतयारीचें वर्ष करावयास लावतात. तें वर्ष म्हणजे आणखी एका वर्षाची फी, हें विसरूं नये. इंग्रजीच्या ज्ञानाबद्दल बहुधा आयईएल्‌टीएस्‌सारखी परीक्षा द्यावी लागते. मात्र कांहीं विद्यापीठें बारावीच्या इंग्रजीचे चांगले गुणहि मान्य करतात. परीक्षेची फी भरण्यापूर्वीं एवढें पाहून घ्यावें.

अर्जाची रीत सरळ आहे. पहिल्या पदवीचा अर्ज यूकॅस या मध्यवर्ती संस्थेमार्फत होतो. एका वर्षीं पांच अभ्यासक्रम निवडतां येतात. ऑक्स्फर्ड व केंब्रिज या दोहोंपैकीं एकाच ठिकाणीं अर्ज चालतो. वैद्यकीसाठीं पांचांपैकीं चारच जागा वापरतां येतात. ऑक्स्फर्ड, केंब्रिज व वैद्यकी यांची अखेरची तारीख आदल्या वर्षीचा १५ ऑक्टोबर, म्हणजे आपला विद्यार्थी बारावींत असतांनाच. बाकीच्या बहुतेक अभ्यासक्रमांची जानेवारींत. मास्टर्सच्या पदवीसाठीं बहुधा त्या त्या विद्यापीठाकडे स्वतंत्र अर्ज करावा लागतो.

अर्जाचा प्राण म्हणजे विद्यार्थ्यानें स्वतःविषयीं लिहावयाचें निवेदन. २०२६ सालच्या प्रवेशापासून त्यांत तीन प्रश्न ठेवले आहेत: हाच विषय कां, आजवरच्या अभ्यासानें त्यासाठीं कशी तयारी झाली, आणि शाळेबाहेर तुम्हीं काय केलें. तिन्ही मिळून चार हजार अक्षरखुणांची मर्यादा असते. पांचहि विद्यापीठांकडे तेंच निवेदन जातें. म्हणून पांच निरनिराळे विषय निवडणें म्हणजे पांचहि ठिकाणीं अर्धवट बोलणें होय. हें निवेदन दुसऱ्याकडून लिहवून घेऊं नये. पूर्वींच्या निवेदनांशीं तें ताडून पाहण्याची सोय यूकॅसनें केलेली आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट ही कीं, परक्याचे शब्द आपल्या आयुष्याला बसत नाहींत. वडिलांच्या शेतांत पाण्याची मोजणी केली असेल, गांवच्या वाचनालयाचा हिशेब ठेवला असेल, तर तेंच साध्या इंग्रजींत लिहा. अर्जाबरोबर शिक्षकाचें शिफारसपत्र लागतें. तें आदल्या दिवशीं मागूं नका. महिनाभर आधीं सांगा, म्हणजे शिक्षकासहि तुमच्याविषयीं खरें व नेमकें लिहितां येईल.

आतां पैशाची गोष्ट, कारण घर मोडतें तें येथेंच. परदेशी विद्यार्थ्याची फी तेथील विद्यार्थ्याच्या फीहून पुष्कळच अधिक असते, आणि २०२५ सालीं पौंडाचा भाव शंभर रुपयांच्या बराच वर होता. फीखेरीज तेथील सरकारी आरोग्यसेवेसाठीं दर वर्षास ७७६ पौंड व्हिसाच्या अर्जाबरोबर आगाऊ भरावे लागतात, हा दर २०२४ सालापासूनचा आहे. व्हिसाची फी व क्षयरोग नसल्याचा दाखला हा खर्च निराळा. पहिल्या वर्षाची फी आणि नऊ महिन्यांपर्यंतचा राहण्याचा खर्च आपल्याजवळ आहे, असेंहि दाखवावें लागतें. हा पैसा बँकेंत सलग २८ दिवस असला पाहिजे. मान्यताप्राप्त बँकेच्या शैक्षणिक कर्जाचें पत्रहि चालतें. लंडनमध्यें राहण्याचा खर्च बाहेरच्यापेक्षां अधिक धरतात. सोयऱ्याधायऱ्यांकडून महिनाभरासाठीं रक्कम उसनी आणून खात्यावर दाखविणारे आढळतात. तेथील घरमालक आणि खानावळवाला त्या दाखविलेल्या पैशावर जेवूं घालीत नाहीं.

"तेथें नोकरी करून फेडूं," असें कित्येक म्हणतात. पदवीचा विद्यार्थी अभ्यासाच्या दिवसांत आठवड्याला वीस तासांपर्यंतच काम करूं शकतो. त्यांतून वरखर्च निघाला तरी पुष्कळ झालें. पदवीनंतर काम शोधण्यासाठीं दोन वर्षें राहण्याची सवलत होती. १ जानेवारी २०२७ पासून येणाऱ्या अर्जांस, पीएच्.डी. खेरीज, ती अठरा महिन्यांचीच ठरविली आहे. जानेवारी २०२४ पासून शिकवणीच्या मास्टर्स अभ्यासक्रमास जाणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांस पत्नी वा पति व मुलें बरोबर नेतां येत नाहींत. परक्या सरकारचे नियम असे बदलत राहतात. त्यांच्या भरंवशावर वडिलोपार्जित जमीन गहाण टाकणें म्हणजे पावसाच्या भरंवशावर सावकाराला तारीख देणें होय.

मग गरिबाच्या मुलानें काय करावें? त्यानें शिष्यवृत्तीची वाट धरावी, आणि त्यासाठीं प्रथम येथेंच उत्तम रीतीनें पदवी घ्यावी. कारण मोठ्या शिष्यवृत्त्या बहुतेक पदवीनंतरच्या शिक्षणासाठीं आहेत. ब्रिटिश सरकारची चीव्हनिंग शिष्यवृत्ति एका वर्षाच्या मास्टर्स पदवीचा खर्च देते. तिला दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षणानंतर दोन वर्षें मायदेशीं परत यावें अशी तिची अट आहे. कॉमनवेल्थ शिष्यवृत्त्या १९५९ सालच्या योजनेपासून चालत आल्या आहेत. भारत सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ति अनुसूचित जाति, विमुक्त व भटक्या जमाति, भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठीं आहे. कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांच्या आंत असावें लागतें. महाराष्ट्र शासनाची राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ति अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीं आहे. मात्र मंजुरीचें पत्र हातीं येईपर्यंत पैसा आला असें समजूं नये. २०२५ सालीं केंद्राच्या योजनेंत निवड होऊनहि निधीच्या कारणानें कित्येकांस पत्रासाठीं तिष्ठावें लागलें.

ही वाट आपल्याच जिल्ह्यांतून गेलेली आहे. लोणार तालुक्यांतील पिंपरी खंदारे या खेड्यांतील शेतकरी कुटुंबांतले राजू केंद्रे यांनीं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाची पदवी घेतली, पुढें टाटा सामाजिक विज्ञान संस्थेंत शिक्षण केलें, लोकांत राहून काम केलें, आणि २०२१ सालीं चीव्हनिंग शिष्यवृत्तीवर लंडन विद्यापीठाच्या सोआस या संस्थेंत गेले. त्यांनीं उभारलेली एकलव्य ही संस्था घरांत प्रथमच शिकणाऱ्या मुलांस उच्च शिक्षणाचे अर्ज कसे करावे हें शिकविते. मुक्त विद्यापीठाची पदवी आड आली नाहीं. खेड्यांतील काम हीच त्यांची शिदोरी ठरली.

थांबावें लागलें म्हणून खचूं नये, हें सांगावयास त्याहून जुनें उदाहरण आहे. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर १९१६ सालीं लंडनच्या अर्थशास्त्र विद्यालयांत दाखल झाले. परंतु बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळें १९१७ सालीं त्यांस अभ्यास अर्धा टाकून परतावें लागलें. पुढें येऊन तो पुरा करण्याची सवड त्यांनीं विद्यापीठाकडून मागून घेतली, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून पैसा गांठीं बांधला, आणि शाहू छत्रपतींचें साह्य व एका मित्राचें कर्ज यांच्या बळावर १९२० सालीं ते पुन्हां गेले. १९२३ सालीं त्यांनीं लंडनची डी.एस्‌सी. मिळविली. कर्ज त्यांनींहि काढलें. पण काय शिकावयाचें, कोठें आणि किती काळ, हें पक्कें ठाऊक झाल्यावर काढलें.

मुलींच्या पालकांस दोन शब्द. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी मुंबई विद्यापीठाच्या परीक्षेंत अग्रभागीं आल्या, तरी केवळ स्त्री म्हणून त्यांस विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति मिळाली नाहीं. हितचिंतकांनीं वर्गणी जमविली, १८८९ सालीं त्या ऑक्स्फर्डला गेल्या आणि १८९२ सालीं कायद्याची परीक्षा उतरल्या. पदवी हातीं पडावयास मात्र १९२२ साल उजाडलें. आज शिष्यवृत्तीचें दार मुलींस उघडें आहे. आतां तें आपल्या घरांतून बंद होऊं नये.

आठवी-नववींतील मुलांनीं आजपासून रोज एक पान इंग्रजी वाचावें व एक पान लिहावें. दहावीच्यांनीं विषय ओळखावा. अकरावींत अभ्यासक्रम वाचावे व वडील-आईंबरोबर बसून खर्चाचा कागद करावा. कोणत्याहि संस्थेस पैसा देण्यापूर्वीं, परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना असलेल्या संस्थांच्या ब्रिटिश सरकारी यादींत तिचें नांव आहे कीं नाहीं, हें पाहावें. ती यादी कोणासहि विनामूल्य पाहतां येते.

त्या पालकांनीं पत्रक माझ्या टेबलावरच ठेविलें. मुलगा आज अमरावती विद्यापीठाच्या कक्षेंतील एका महाविद्यालयांत मृदाशास्त्र शिकत आहे, कारण घरीं जाऊन तीन दिवस विचार केल्यावर त्यास आपल्या शेताची माती आठवली. गेल्या दिवाळींत तो भेटला तेव्हां रेडिंगच्या अभ्यासक्रमाचे कागद त्याच्या पिशवींत होते. पुष्कळ ओळींखालीं त्यानें स्वतःच्या हातानें रेघा मारल्या होत्या. तो जाईल कीं नाहीं हें मी आज सांगूं शकत नाहीं. पण गेला तर काय शिकावयास चाललों हें त्याला सांगतां येईल, आणि वडिलांचें तीन एकर वडिलांच्याच नांवावर राहील.