संशोधनाचा पैसा आणि कामतघरचा प्राध्यापक

वऱ्हाळा तलावाच्या कांठीं सकाळच्या वेळीं उभें राहिलें असतां दोन गोष्टी एकदम ध्यानांत येतात: एक समोरचें पाणी, आणि दुसरी कामतघरच्या गल्ल्यांतून अखंड येणारा मागांचा खडखडाट. त्या पाण्यांत काय मिसळतें आणि त्या खडखडाटानें विणकराच्या कानांचें काय होतें, हे दोन्ही प्रश्न शास्त्राचे आहेत. त्यांचीं उत्तरें काढण्यास लागणारें रसायन, पदार्थविज्ञान व जीवशास्त्र भिवंडीच्या महाविद्यालयांत वर्षानुवर्षें शिकविलें जात आहे. परंतु असल्या प्रश्नाचा छडा लावण्यास जो पैसा लागतो तो कोठें आहे, तो कोणी, कसा व कोणाकडे मागावयाचा, ह्याची विचारपूस आपल्या गांवांत फारशी कोणी करीत नाहीं. ती आज आम्ही करणार आहों, आणि व्यापारी वाचकांनींहि ती वाचावी अशी आमची विनंति आहे. कां तें पुढें कळेल.

देशांत संशोधनासाठीं पैसाच नाहीं, असें म्हणून हात झटकणें सोपें आहे, व त्यांत कांहीं सत्यहि आहे. २०२०-२१ सालीं भारतांत सर्व प्रकारच्या संशोधनावर मिळून सुमारें १ लाख २७ हजार कोटि रुपये खर्च झाले. आंकडा डोळे दिपविणारा आहे; पण राष्ट्रीय उत्पन्नाशीं ताडून पाहिल्यास तो शेंकडा ०.६४ भरतो, म्हणजे शंभर रुपयांच्या मिळकतीमागें ६४ पैसे. चीनमध्यें हेंच प्रमाण शेंकडा दोनांहून अधिक व दक्षिण कोरियांत शेंकडा चारांहून अधिक आहे. बरें, ह्या ६४ पैशांपैकीं उच्च शिक्षण देणाऱ्या संस्थांच्या वाट्यास पुरते सहा पैसेहि येत नाहींत. बाकीचा खर्च सरकारी प्रयोगशाळा, संरक्षण, अवकाश आणि कारखाने ह्यांत होतो. त्या सहा पैशांतूनहि मोठमोठ्या संस्थांचें पोट आधीं भरणार, हें सांगावयास नकोच.

तथापि जो पैसा आहे तोहि आपल्याकडून मागितला जात नाहीं, ही दुसरी बाजू तितकीच खरी आहे. २०२३ च्या कायद्यानें अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झालें, आणि २००८ च्या कायद्यान्वयें चाललेलें विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ त्यांत विलीन झालें. पांच वर्षांत ५० हजार कोटि रुपये उभे करावयाचे, पैकीं १४ हजार कोटि सरकारनें द्यावे व ३६ हजार कोटि उद्योगधंदे, दानशूर संस्था वगैरेंकडून यावे, असा त्याचा संकल्प जाहीर झाला. हा दुसरा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. जुन्या मंडळानें राज्यांतील विद्यापीठें व त्यांचीं महाविद्यालयें ह्यांच्यासाठीं २०२२ सालीं ‘शुअर’ नांवाची योजना काढली; तींत तीन वर्षांत ३० लाखांपर्यंत मदतीची सोय होती. त्याच मंडळाच्या ‘टेअर’ योजनेंत महाविद्यालयाच्या प्राध्यापकानें आपली नोकरी न सोडतां एखाद्या मोठ्या संस्थेंत जाऊन संशोधन करावें, आणि पैसा दोन्ही संस्थांस मिळावा, अशी तजवीज होती. कामतघराहून तासा-दोन तासांच्या वाटेवर पवईचें आय. आय. टी. आहे, व माटुंग्यास ती रसायन-तंत्रज्ञान संस्था आहे, जी १ ऑक्टोबर १९३३ रोजीं मुंबई विद्यापीठाचा एक विभाग म्हणून उघडली आणि जिच्या आरंभींच्या विषयांत वस्त्ररसायन होतें. मागांच्या गांवच्या रसायनाध्यापकास ह्याहून सोयीचें शेजार कोणतें हवें? समाजशास्त्राच्या अभ्यासकासहि १९६९ पासून भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद आहे. पद्मानगरांत तेलंगणांतून येऊन स्थायिक झालेलीं विणकर कुटुंबें, मोमिनांची जुनी विणकामाची परंपरा, उत्तरेकडून येणारे मजूर, हें सर्व ज्याच्या दारांत आहे त्यानें विषयासाठीं परदेशीं मासिकें चाळीत बसावें, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

येथें प्राध्यापकवर्गास दोन कडू शब्द ऐकविणें प्राप्त आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची लघु व बृहत् प्रकल्पांची योजना पुष्कळ वर्षें चालली. बाराव्या पंचवार्षिक योजनेबरोबर, २०१७ च्या सुमारास, ती आटोपली. तिच्यामुळें लहान गांवांतील अनेकांनीं पहिला अर्ज लिहिला, हा तिचा गुण. परंतु २०१० च्या नियमांनीं बढतीस गुणांकांचें माप लावल्यावर कित्येक प्रकल्प बढतीपुरतेच हातीं घेतले गेले, आणि त्यांचे अहवाल कपाटांत धूळ खात पडले. पैसा देणाऱ्यांनीं हात आंखडता घेतला असल्यास त्याचा सर्व दोष दिल्लीचाच, असें आम्हांस म्हणवत नाहीं.

अर्ज म्हणजे काय, हें समजण्यास एक जुनें उदाहरण घ्यावें. १२ मार्च १९४४ रोजीं डॉ. होमी भाभा ह्यांनीं सर दोराबजी टाटा विश्वस्तनिधीचे सर सोराब सकलातवाला ह्यांस एक पत्र लिहिलें. मूलभूत पदार्थविज्ञानाची उत्तम शाळा देशांत नाहीं, ती काढली पाहिजे, आणि कांहीं दशकांनीं अणुशक्तीपासून वीज होऊं लागेल तेव्हां तज्ज्ञांसाठीं बाहेर पाहण्याची पाळी येऊं नये, असा त्याचा आशय. पुढच्याच वर्षीं, १९४५ सालीं, टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली. काय हवें, कां हवें, आतांच कां हवें आणि मीच कां, हे चार प्रश्न त्या पत्रानें सोडविले होते, व आजच्या छापील नमुन्यांतहि विचारतात ते हेच चार. भाभांची आत्या सर दोराबजींची पत्नी होती, ही गोष्ट अर्थात् विसरून चालणार नाहीं. कामतघरच्या प्राध्यापकास अशी आत्या नाहीं. म्हणून त्याचा अर्ज अधिक चोख असला पाहिजे.

समजा, मागांच्या आवाजाचाच विषय घेतला. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या कामास ९० डेसिबलांची मर्यादा सांगितली आहे. धोट्याच्या जुन्या मागांचा आवाज ती ओलांडतो, आणि येथील पाळी तर बहुधा बारा तासांची. ‘विणकरांच्या आरोग्याचा अभ्यास’ असें मोघम लिहिणाऱ्याचा अर्ज पहिल्याच चाळणींत गळेल. किती शेड, किती कामगार, श्रवणशक्ति कोणत्या यंत्रानें मोजणार, कानाचा वैद्य कोण, मागाखालीं रबराची बैठक घातल्यास आवाज किती उतरतो तें कसें पाहणार, आणि मालक शेडमध्यें शिरूं देईल ह्याचा पुरावा काय, इतकें जो लिहील त्याचा अर्ज परीक्षक शेवटपर्यंत वाचतील. मग खर्चाचीं सदरें: मदतनिसाचें वेतन, उपकरणें, प्रवास, किरकोळ. हीं सदरें अंदाजानें न भरतां दुकानदाराकडून भाव घेऊन भरावीं. आमच्या व्यापारी वाचकांस हें सांगण्याची गरज नाहीं, प्राध्यापकांस आहे.

अर्ज मंजूर झाला म्हणजे दुसरें दुखणें सुरू होतें. हप्ता उशिरां यावयाचा, ३१ मार्चच्या आंत तो खर्चावयाचा, न खर्चल्यास परत, आणि उपयोगिता-प्रमाणपत्रावांचून पुढचा हप्ता नाहीं. सप्टेंबर २०२४ मध्यें संशोधन-अनुदानावरील वस्तु-सेवा कर माफ करण्याची शिफारस जी. एस. टी. परिषदेनें केली, आणि २०२५ च्या जूनमध्यें केंद्रानें शास्त्रीय उपकरणें भावपत्रकांशिवाय घेण्याची मर्यादा एक लाखावरून दोन लाखांवर नेली. ह्या सुधारणांचें आम्ही स्वागत करितों. परंतु मोठी अडचण गांवांतच आहे. पुष्कळ योजनांस कायम नोकरी असलेलाच अर्जदार लागतो, आणि आपल्या राज्यांत महाविद्यालयांच्या किती तरी जागा तासिका तत्त्वावर चालतात. चार तास शिकवून दुसऱ्या महाविद्यालयाकडे धांवणाऱ्या तरुणास संशोधनाची हौस असली तरी अर्जावर लिहावयास हुद्दा नाहीं. ज्यास हुद्दा आहे त्याच्या अर्जावर प्राचार्यांची सही लागते, आणि हिशेबाचें झेंगट नको म्हणून ती सही लांबविणारे कांहीं थोडे नाहींत. राज्य सरकारनें ह्या जागा भरल्याखेरीज संशोधनाच्या गोष्टी बोलणें म्हणजे ताणा न लावतां माग चालू करण्यासारखें आहे.

आतां तो ३६ हजार कोटींचा आंकडा. हा पैसा ज्यांनीं द्यावयाचा ते कोण? अहमदाबादच्या गिरणीमालकांनीं विक्रम साराभाई व कस्तुरभाई लालभाई ह्यांच्या पुढाकारानें १९४७ सालीं ‘अटिरा’ ही वस्त्रोद्योगाची संशोधनसंस्था काढली. मुंबईंत १९५४ सालीं ‘बिट्रा’ निघाली. त्या मालकांनीं वर्गणी दिली ती धर्म म्हणून नव्हे. तुटणारा धागा, चढणारी खळ, वांयां जाणारी वाफ ह्यांत त्यांचा पैसा जात होता म्हणून. भिवंडीचा मालक ह्याच तीन गोष्टींत रोज पैसा घालवितो. त्याच्याजवळ गिरणीइतकें भांडवल नाहीं हें खरें. एकट्यानें संशोधनसंस्था काढावी असें त्यास कोणी म्हणतहि नाहीं. परंतु उत्सवाच्या मंडपास सहज निघणाऱ्या रकमेच्या अल्पांशांत एका प्राध्यापकाची वर्षाची प्राथमिक पाहणी होऊं शकते; आणि दिल्लीच्या परीक्षकांपुढें हातीं असलेल्या प्राथमिक आंकड्यांइतकें वजन दुसऱ्या कशासहि नाहीं. शेडचें दार उघडणें तर फुकट आहे. मात्र निष्कर्ष आपल्याविरुद्ध गेला तरी तो दडपावयाचा नाहीं, ही अट मालकांनीं आधींच मान्य केली पाहिजे. सांडपाण्याच्या प्रश्नांत ती जड जाईल हें आम्ही जाणतों.

तूर्त आमची सूचना एवढीच. भिवंडीच्या महाविद्यालयांनीं मिळून एक सामाईक कारकून नेमावा: कोणत्या संस्थेची जाहिरात केव्हां निघते, मुदत कधीं संपते, ह्याची वही त्यानें ठेवावी, हिशेब व प्रमाणपत्रें त्यानेंच पाहावीं, म्हणजे प्राचार्यांची सही अडणार नाहीं. त्याचें पहिल्या दोन वर्षांचें वेतन यंत्रमागधारकांच्या संघटनांनीं व सूत व्यापाऱ्यांनीं वांटून घ्यावें. आणि जे अहवाल निघतील त्यांचा सारांश मराठी, उर्दू व तेलुगु भाषांत छापून मागांच्या शेडमध्यें लावावा. जूनमध्यें महाविद्यालयें उघडण्यापूर्वीं ह्या कामासाठीं सभा कोण बोलावितो, तें पाहावयाचें आहे.