बशीतील पेशी आणि देहातील अर्बुद

पदव्युत्तर प्रबंधांत, औषधनिर्मात्यांच्या माहितीपत्रकांत आणि चर्चासत्रांतील निबंधांत एक वाक्य वारंवार वाचावयास मिळते : अमुक वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी नष्ट झाल्याचे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. हे वाक्य बहुधा खरे असते; परंतु रुग्ण व त्याचे नातेवाईक त्यातून जो अर्थ घेतात, त्यास त्या प्रयोगाचा आधार नसतो. या विषयावर वैद्यवर्गाने स्पष्ट भूमिका घेण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

महाड-पोलादपूर भागात हा प्रश्न केवळ शास्त्रीय राहत नाही. कुडपणसारख्या सह्याद्रीच्या माथ्यावरील गावातील रुग्णास कर्करोगाच्या उपचारासाठी घाट उतरून थेट मुंबई गाठावी लागते. प्रवास, मुक्काम, बुडणारी मजुरी यांचा हिशेब करून घरची माणसे आधी जवळच्या वैद्याचा सल्ला घेतात. अशा वेळी वैद्याच्या मेजावरील माहितीपत्रकातील ते एक वाक्य शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलण्यास पुरेसे ठरू शकते, आणि कर्करोगात गेलेले महिने परत मिळत नाहीत.

मग त्या प्रयोगात नेमके काय घडते? पेशी प्लॅस्टिकच्या बशीच्या सपाट तळावर एकपदरी थरात वाढविल्या जातात. वरून अर्क ओतला की तो प्रत्येक पेशीस सारखाच भिडतो. देहातील अर्बुद असे पसरलेले नसते. तेथे पेशी कोलॅजेन आदी प्रथिनांच्या जाळ्यात चहूबाजूंनी वेढलेल्या असतात. रक्तवाहिनीपासून सुमारे ०.१ ते ०.२ मिलिमीटरपलीकडे प्राणवायू पुरेसा पोहोचत नाही. तेथील पेशी मंदगतीने विभागतात आणि अनेक औषधांस दाद देत नाहीत. सपाट बशीत परिणामकारक ठरलेली मात्रा अशा ठिकाणी अपुरी पडते, ती यामुळेच.

पेशीचे वर्तन तिच्या आश्रयस्थानावर किती अवलंबून असते, हे अमेरिकेतील बर्कले येथे मिना बिसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. १९९२ साली त्यांनी स्तनाच्या निरोगी व कर्करोगग्रस्त पेशी मऊ त्रिमितीय जेलमध्ये वाढविल्या. निरोगी पेशींनी लहान, सुव्यवस्थित, वाढ थांबलेले गोळे तयार केले, तर कर्करोगाच्या पेशी अस्ताव्यस्त वाढत राहिल्या. १९९७ साली त्याच गटाने पेशी आणि भोवतालचे जाळे यांना जोडणारा एक दुवा प्रतिपिंडाने रोखला, तेव्हा कर्करोगाच्या पेशींची रचनाही निरोगी पेशींसारखी झाली. त्यांच्या जनुकांतील दोष मात्र तसेच होते.

अशा संवर्धनासाठी पूर्वी मुख्यतः उंदराच्या अर्बुदापासून काढलेला जेल वापरीत, व आजही तो वापरात आहे. त्याची घटना प्रत्येक खेपेस थोडी बदलते, ही त्याची उणीव. त्यामुळे प्रकाशाने घट्ट होणाऱ्या हायड्रोजेलकडे संशोधक वळले. हायड्रोजेल म्हणजे पुष्कळ पाणी धरून ठेवणारे जाळीदार द्रव्य. मऊ कॉन्टॅक्ट लेन्सचा पाया ठरलेले हायड्रोजेल व्हिख्टर्ले व लिम यांनी १९६० साली प्रसिद्ध केले. २००० साली बेल्जियममधील संशोधकांनी जिलेटिनवर प्रक्रिया करून ते प्रकाशाने घट्ट होईल असे केले. दंतवैद्य दातात भरलेले मऊ द्रव्य निळ्या प्रकाशाने कठीण करतात, तसाच हा प्रकार आहे. कोमट, पातळ जिलेटिनात पेशी व प्रकाशाने क्रियाशील होणारे एक द्रव्य मिसळतात. त्यावर थोडा वेळ, बहुधा ४०५ नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश सोडला की मिश्रण गोठते आणि पेशी आत जिवंत राहतात. जिलेटिन कोलॅजेनपासूनच बनत असल्याने पेशींना त्यात धरून राहता येते.

प्रकाशाचा काळ व जिलेटिनचे प्रमाण बदलून जेलचा घट्टपणा हवा तसा ठेवता येतो, हा याचा सर्वांत मोठा लाभ. स्तनाचा निरोगी ऊतक फार मऊ असतो व अर्बुद त्याहून कित्येक पटींनी घट्ट असते. हा घट्टपणा पेशींच्या वाढीस चिथावणी देतो, असे २००५ सालच्या संशोधनातून दिसून आले. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाची स्थिरता, खोल मूळ व न पिकणे ही लक्षणे सांगितली आहेत, हे येथे कोणासही आठवेल. स्पर्शाने जाणवणारा घट्टपणा रोगलक्षण म्हणून नोंदविणारी ही परंपरा आहे. मात्र त्यावरून सुश्रुतास हे सारे ठाऊक होते असे म्हणणे ग्रंथावर अन्याय करणारे होईल.

आपल्या औषधांची परीक्षा अशा जेलमध्ये व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र ती परीक्षा सोपी नाही, आणि येथे द्रव्यगुण जाणणाऱ्या वैद्याचे ज्ञान उपयोगी पडेल. हरीतकी, अर्जुन, खदिर ही कषाय रसाची द्रव्ये टॅनिनयुक्त आहेत, आणि टॅनिन जिलेटिनास घट्ट बांधते. अशा द्रव्याचा अर्क जेलमध्येच अडकून पेशींपर्यंत पोहोचणार नाही, किंवा जेलचाच घट्टपणा बदलेल. हरिद्रेतील पिवळे द्रव्य नेमका तोच निळा-जांभळा प्रकाश शोषते, आणि अशा प्रकाशात स्वतःच पेशींना मारक ठरू शकते. म्हणून अर्क जेल गोठल्यानंतरच घालावयास हवा व पुढील निरीक्षण अंधारात करावयास हवे. जिवंत पेशी मोजण्याच्या प्रचलित रंगपरीक्षेतील रंगद्रव्य काही अर्क पेशी नसतानाही बदलतात. या गोष्टी न पाहता काढलेला निष्कर्ष, अनुकूल असो वा प्रतिकूल, टाकाऊ समजावा.

शिवाय जेल म्हणजे देह नव्हे. त्यात अग्नी नाही, यकृत नाही, विपाक नाही. मुखाने घेतलेले द्रव्य पचनानंतर कोणत्या रूपात व किती प्रमाणात अर्बुदापर्यंत जाते, याचे उत्तर जेल देत नाही. जेलमधील परीक्षा ही एक चाळणी आहे. तिच्यातून जे उतरेल त्याचीच पुढे चिकित्सालयीन परीक्षा करावी.

हा मार्ग किती लांब आहे, याचा दाखला आपल्याच रानात आहे. कुडपण ज्या सह्याद्रीत वसले आहे, त्याच्या सदाहरित रानांत नरक्या नावाचा वृक्ष वाढतो. त्यातील कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य प्रथम १९६६ साली एका चिनी वृक्षातून मन्रो वॉल व मनसुख वाणी यांनी अमेरिकेत वेगळे केले. यांपैकी वाणी हे आपल्या नंदुरबारचे. १९७२ साली गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी तेच द्रव्य नरक्यात असल्याचे प्रसिद्ध केले. पेशी मारण्याची त्याची शक्ती निःसंशय होती, तरी १९७० च्या दशकात रुग्णांवरील प्रयोग मूत्राशयावरील व अन्य विषारी परिणामांमुळे थांबवावे लागले. ते पेशीतील कोणत्या विकरावर घाव घालते, हे १९८५ साली कळले. त्यापासून बनविलेली इरिनोटेकन व टोपोटेकन ही औषधे अमेरिकेत १९९६ साली मान्य झाली. पेशीनाश दिसण्यापासून औषध हाती येण्यास तीस वर्षे लागली. दरम्यान सह्याद्रीतील नरक्या मात्र बेसुमार तोडला गेला. त्याची साल वा चूर्ण देणे ही चिकित्सा नव्हे, हेही येथे बजावून सांगणे आम्हांस आवश्यक वाटते.

या पार्श्वभूमीवर आमच्या सूचना थोड्याच आहेत. केवळ सपाट बशीतील प्रयोगाचा निष्कर्ष रुग्णांसाठीच्या कोणत्याही मजकुरात वैद्यांनी येऊ देऊ नये. कर्करोग बरा करण्याच्या जाहिरातीस १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि अशा वाक्यांची आडवाट त्या कायद्याच्या हेतूशी विसंगत आहे. कर्करोगावरील पदव्युत्तर प्रबंधांत त्रिमितीय संवर्धन, सोबत निरोगी पेशींवरील परीक्षा आणि अर्काची पूर्ण ओळख यांचा आग्रह मार्गदर्शकांनी धरावा. केंद्र सरकारने २०२३ साली नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून प्राण्यांविना होणाऱ्या अशा परीक्षांस स्थान दिले आहे. टाटा स्मारक केंद्राची संशोधनसंस्था आपल्याच रायगड जिल्ह्यात, खारघर येथे आहे. तेथील व अन्य शास्त्रज्ञांकडे आपण दावे घेऊन न जाता प्रश्न घेऊन जावे.

आणि तोवर कुडपणहून आलेल्या रुग्णास स्तनात गाठ, तोंडात न भरणारा व्रण वा अकारण रक्तस्राव आढळला, तर त्यास त्याच दिवशी पुढील तपासणीसाठी पाठवावे. मुंबईतील उपचार चालू असता त्याची भूक, झोप व बल सांभाळण्याचे काम आपण त्याच्या डॉक्टरांना कळवून अवश्य करावे. वैद्यास तेथे करण्यासारखे पुष्कळ आहे.