रयतमाउलीचे सोने

पनवेलचे महात्मा फुले महाविद्यालय रयत शिक्षण संस्थेचे आहे, हे गावातील बहुतेकांना ठाऊक असते. ही संस्था स्थापणारे भाऊराव पायगोंडा पाटील दिगंबर जैन घराण्यातले होते, हे मात्र आपल्या घरांतही पुष्कळदा नव्याने सांगावे लागते. ९ मे हा त्यांचा स्मृतिदिन. १९५९ साली पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्याच वर्षी त्यांना ‘पद्मभूषण’ मिळाले होते. शाळा चालवण्याच्या कामातून ते अखेरपर्यंत निवृत्त झाले नाहीत.

त्यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळच्या कुंभोज येथे झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिले. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या वसतिगृहाच्या उद्घाटनाला ते गेले आणि परतल्यावर स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. या ‘अपराधा’साठी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगची व्यवस्था तेव्हा अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. पुढे कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचा खटला उभा राहिला, तेव्हा याच लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आले. जुना राग काढून घेण्याची संधी आयती चालून आली होती. त्यांनी छळ सोसला, पण साक्ष दिली नाही. सत्य हे अणुव्रत पाठशाळेत पाठ करणे सोपे. ते असे पाळणारी माणसे थोडी.

काही वर्षे त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकले. आपल्या व्यापारी वाचकांना हा भाग विशेष जवळचा वाटावा. गावोगाव हिंडून माल खपवताना शेतकऱ्याच्या घराची अवस्था त्यांनी उंबरठ्याच्या आतून पाहिली. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळच्या काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि एकाच पंगतीस जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस’ असे नामकरण झाले.

नामकरणाचा समारंभ लोकांच्या लक्षात राहतो. स्वयंपाकघराकडे कोणी पाहत नाही. ते स्वयंपाकघर लक्ष्मीबाईंच्या हाती होते. सोवळ्या-ओवळ्याच्या कडक वळणात वाढलेली ही स्त्री. ज्यांची सावलीही टाळावी असे लहानपणी शिकवले गेले, त्यांच्याच मुलांना तिने आपल्या हाताने वाढायचे होते. हा बदल तिच्या मनात कसा घडला असेल? भाऊरावांच्या चरित्रात त्याला फार जागा मिळत नाही; ती मिळायला हवी होती. मुलांचे आजारपण, रुसवे, सणवार हे सारे तिने पाहिले.

संस्थेजवळ भांडवल नव्हते. घरोघरची मूठभर धान्याची भिक्षा आणि मुलांनी स्वतः केलेले कष्ट, यांवर दिवस निघत. तेवढ्याने भागेना, तेव्हा लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले. एकदा भाऊराव बाहेरगावी असताना कोठीतले धान्य संपले. मुले उपाशी राहणार असे दिसताच लक्ष्मीबाईंनी गळ्यातील मंगळसूत्र काढून दिले. ते विकून किंवा गहाण ठेवून धान्य आले आणि त्या दिवशीची चूल पेटली. व्यापाऱ्याच्या घरात स्त्रीधनाला शेवटपर्यंत हात लावत नाहीत; दुकान बुडाले तरी ते राखून ठेवण्याची रीत आहे. येथे ते परक्यांच्या पोरांच्या भाकरीसाठी गेले. १९३० मध्ये लक्ष्मीबाईंचे निधन झाले. संस्थेचा पुढचा विस्तार त्यांना पाहता आला नाही.

देणगीदाराच्या नावाविषयी भाऊरावांचे एक उत्तर प्रसिद्ध आहे. शिवरायांचे नाव असलेल्या संस्थेचे नाव बदलल्यास मोठी रक्कम देण्याची तयारी एका धनिकाने दाखवली. स्वतःच्या वडिलांचे नाव एक वेळ बदलीन, पण हे बदलणार नाही, असे सांगून त्यांनी ती रक्कम नाकारली. पैशांची चणचण तेव्हाही होतीच.

लक्ष्मीबाईंनी सोने देताना कोणतीच अट घातली नव्हती. सोलापुरात रयतचे एक महिला महाविद्यालय आहे. त्याच्या पाटीवर आज त्यांचे नाव आहे.