पीडीएफमध्ये गावाचे नाव सापडावे : मराठी पानमांडणीच्या सॉफ्टवेअरबाबत निवेदन

स्थळ : नवापूर, ता. व जि. पालघर
दिनांक : २७ फेब्रुवारी २०२५

प्रति,
मा. संचालक,
राज्य मराठी विकास संस्था, मुंबई

विषय : मराठी मजकुराची पानमांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आवश्यक सुधारणा करून घेणे व त्यासाठी ‘स्क्रायबस’ या मुक्त सॉफ्टवेअरला संस्थेचे अर्थसाहाय्य मिळणेबाबत.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे नवापूर, बोईसर, तारापूर आणि पालघर भागात डीटीपीची कामे करतो. कुणाचे स्टेशनजवळच्या गाळ्यात दुकान आहे, कुणी घराच्या ओटीवरच संगणक मांडला आहे. लग्नपत्रिका आणि हळदीचे फ्लेक्स ही आमची रोजची भाकरी. त्याखेरीज मच्छीमार सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल, ग्रामसभेच्या नोटिसा, औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची मराठी सुरक्षापत्रके, शाळांच्या वार्षिक अंकांची पाने आमच्याकडे होतात. औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी नवापूरच्या किनाऱ्यावरून वाहिनीने समुद्रात जाते. त्याबद्दलची निवेदने आणि हरकतीही गावकरी आमच्याकडूनच टाइप करून घेतात. म्हणजे या किनाऱ्यावरचे छापील मराठी मोठ्या प्रमाणात आमच्या हातांखालून जाते, आणि ते कुठे मोडते हे आम्हांला रोज दिसते.

एक प्रसंग सांगतो. दुकानात एक मच्छीमार काका आले. मोबाइलवर एका प्रकल्पाच्या अहवालाचा मराठी सारांश होता, पीडीएफमध्ये. त्यांना एवढेच हवे होते, की यात आपल्या गावाचे नाव कुठे कुठे आले आहे ते काढून दे. शोधपेटीत ‘नवापूर’ लिहिले. एकही निकाल नाही. मग आम्ही पाने चाळत गेलो, तर नाव होते, एका पानावर तर ठळक अक्षरांत होते. काका म्हणाले, “डोळ्यांना दिसतं आणि यंत्राला दिसत नाही, असं कसं?” पर्यावरणीय परिणामांबाबतच्या २००६ च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार जनसुनावणीआधी प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेतही उपलब्ध करून द्यावा लागतो. तो मराठीत दिला, पण त्यात गावाचे नाव शोधता येत नसेल, तर ज्याच्यासाठी दिला त्याच्यापर्यंत तो अर्धाच पोहोचतो. अंध वाचकापर्यंत तर तेवढाही नाही, कारण वाचून दाखवणाऱ्या कार्यक्रमाला त्या पानावर वाचण्याजोगे काही सापडतच नाही.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या धंद्यात आहे, आणि त्यातला दोष आमच्याही पदरी येतो. युनिकोड यायच्या आधीपासून चालत आलेल्या मराठी फाँटांत ‘न’च्या जागी प्रत्यक्षात एखाद्या रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक साठवलेला असतो. वर फक्त ‘न’चे चित्र बसवलेले. शिवाय प्रत्येक कंपनीची जुळणी निराळी. पेजमेकर या पानमांडणीच्या जुन्या सॉफ्टवेअरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. तरी त्यात जुन्या फाँटांत बसवलेल्या हजारो फायली आजही दुकानांत जिवंत आहेत, आणि गेल्या वर्षीच्या अहवालात यंदाचे आकडे घालण्याचे काम त्यांवरच चालते. त्यातून छापखान्याचा निरोप येतो, “फाइल कर्व्ह करून पाठवा.” दुसऱ्या संगणकावर फाँट नसला तर अक्षरे बदलतील या भीतीने सगळा मजकूर रेषांच्या आकृत्यांत बदलून टाकायचा. एकदा कर्व्ह केले की तो मजकूर राहत नाही, चित्र होते. आमच्यातल्या एकाच्या जुन्या सॉफ्टवेअरचा डोंगल, म्हणजे ते उघडण्यासाठी संगणकाला लावायची किल्ली, बिघडला, तेव्हा एका संस्थेचे अनेक वर्षांचे अहवाल उघडता येईनात. छापील प्रती समोर ठेवून ते पहिल्यापासून टाइप करावे लागले.

“युनिकोड वापरा” हे उत्तर आम्हांला ठाऊक आहे आणि मान्यही आहे. पण तेवढ्याने भागत नाही. युनिकोडात नीट टाइप केलेल्या पानाचाही पीडीएफ झाल्यावर त्यातून ‘चिंचणी’ उचलून दुसरीकडे चिकटवले, तर पुष्कळदा वेलांटी सुटून शब्दाच्या आधी जाऊन बसते. पीडीएफ अक्षरांची चित्रे पानावर दिसतात त्या क्रमाने ठेवतो. ह्रस्व वेलांटी दिसते अक्षराच्या आधी, पण मजकुरात ती असते अक्षरानंतर. पीडीएफच्या रचनेत यावर उपाय आहे. प्रत्येक अक्षराच्या चित्रांसोबत खरा मजकूर ‘ॲक्च्युअलटेक्स्ट’ म्हणून लिहून ठेवता येतो. आमची पहिली आणि सर्वांत कळकळीची मागणी हीच, की पानमांडणीच्या सॉफ्टवेअरने मराठी पीडीएफ तयार करताना हा खरा मजकूर न विसरता, वापरणाऱ्याने कुठलेही बटण न दाबता, लिहावा. आणि छापखान्याला पाठवायच्या फायलीत फाँट आतच बांधून द्यावा, म्हणजे कर्व्ह करण्याची गरजच उरणार नाही.

हे कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये करून घ्यायचे, यावर आम्ही बराच विचार केला. पैसे भरून घ्यायच्या मोठ्या कार्यक्रमांच्या आजच्या आवृत्त्या मराठी जोडाक्षरे बऱ्यापैकी सांभाळतात, हे कबूल करायला हवे. पण त्यांचे भाडे दर महिन्याला भरायचे, आणि आमचा धंदा चालतो लग्नसराईवर. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागतात तशीच आमच्याकडची कामेही थंडावतात. दुसरे असे, की त्या कंपन्यांना मराठीसाठी एखादी सुधारणा सुचवली तरी ती करायची की नाही हे ठरवणार त्याच. स्क्रायबस मुक्त आहे, फुकट आहे, आणि त्याची संहिता कुणालाही उघडून सुधारता येते. २०१७ च्या १.५.३ या आवृत्तीत त्यात जोडाक्षरांच्या लिप्या बसवण्याची सोय आली, आणि जानेवारी २०२४ मध्ये १.६.० ही स्थिर आवृत्ती आली. अरबी लिपीवाल्यांनी आपली गरज ओळखून त्यात काम केले, आणि त्याच कामाचा लाभ देवनागरीलाही झाला. मराठीने आता स्वतःचा वाटा उचलावा असे आम्हांला वाटते.

आता पानावरच्या गोष्टी. या बारीक वाटतील, पण ज्याला रोज प्रूफ पाहावे लागते त्याला त्या बारीक नाहीत.

मथळा थोडा पसरवायचा म्हणून अक्षरांमधले अंतर वाढवले की शिरोरेषा तुटते, आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांना हे चालते. देवनागरीत अंतर वाढवले तर शिरोरेषाही तेवढी लांबली पाहिजे. ते जमत नसेल तिथे वाढीव जागा फक्त शब्दांच्या मध्ये पडावी. दोन्ही कडा सरळ ठेवलेल्या अरुंद कॉलममध्येही हाच नियम पाळला जावा.

लेखाचे पहिले अक्षर मोठे करताना सॉफ्टवेअरने ‘अक्षर’ म्हणजे मराठी माणूस ज्याला अक्षर म्हणतो ते धरावे. ‘किनारा’ या शब्दाचे पहिले अक्षर ‘कि’ आहे. यंत्र नुसता ‘क’ उचलते आणि वेलांटी मागे ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकत ठेवते. ‘स्त्री’ने सुरू होणाऱ्या लेखाचे काय होते ते सांगायलाच नको. शिवाय हे मोठे अक्षर शेजारच्या पहिल्या ओळीच्या शिरोरेषेला टेकून खाली उतरले पाहिजे. रोमनसारखे ते तळरेषेवरून मोजून चालत नाही.

ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे नियम मराठीचे असावेत. ‘ग्रामपंचायतीमार्फत’ हा शब्द ‘ग्रामपंचायती’पाशी तुटला तर वाचताना अडत नाही, पण शेवटचे एकटे ‘त’ पुढच्या ओळीत ढकलले तर वाचणारा थबकतो. शब्दयोगी अव्यये आणि सामासिक शब्दांचे सांधे ओळखणारी यादी लागेल. ती करण्याचे काम भाषेच्या जाणकारांचे आहे, आणि ते संस्थेखेरीज कोण करू शकेल हे आम्हांला दिसत नाही.

आम्ही दर्याकाठची माणसे आहोत, म्हणून ही तक्रार जरा जास्त जिव्हाळ्याची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. आमच्या पाण्याची ‘सूर्या’ नदी आणि कापायच्या ‘सुऱ्या’ यांतही तोच फरक. रफार आणि अर्ध्या चंद्रासारखा ‘ऱ’ हा भेद मराठीत अर्थाचा भेद आहे. फाँट कोणताही निवडला तरी तो पानावर पुसला जाता कामा नये. त्यात आणखी एक गुंता आहे. हा ‘ऱ’ दोन प्रकारे साठवला जातो. कुणी स्वतंत्र ‘ऱ’ वापरतो, कुणी साध्या ‘र’ला हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह लावतो. पानावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण शोधायला गेले तर एकाला दुसरा सापडत नाही. ‘ॲ’चेही तसेच. म्हणून शोध घेताना आणि शब्द बदलताना सॉफ्टवेअरने असे जोड एकच मानावेत.

शासनाने ६ नोव्हेंबर २००९ आणि पुन्हा १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयांनी प्रमाण वर्णमाला आणि अक्षरांची वळणे ठरवून दिली आहेत. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ अनेक फाँटांत असतातही, पण मजकूर मराठी आहे हे सॉफ्टवेअरने फाँटाला सांगितले तरच ती वर येतात. नव्या फाइलची भाषा एकदा मराठी ठरवली की हे आपोआप व्हावे. पानांचे आकडे देवनागरीत, पोटकलमे क, ख, ग अशी, आणि पुस्तकाच्या शेवटची सूची मराठी वर्णक्रमाने लागावी. हे फार मोठे काम नाही.

जुन्या फायलींचे मात्र मोठे काम आहे. जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडात आणणारे परिवर्तक मिळतात, पण ते बहुधा नुसता मजकूर घेतात. ठळक, तिरपे, तक्ते, कॉलम सगळे गळून पडते, आणि पान पुन्हा बांधावे लागते. आम्हांला हवा तो परिवर्तक पानमांडणीच्या सॉफ्टवेअरच्या आतच असावा आणि त्याने फाँटाचे नाव पाहून तेवढाच मजकूर बदलावा. कारखान्याच्या सुरक्षापत्रकात मराठी सूचनांच्या मधोमध गंधकाम्लाचे सूत्र रोमन अक्षरांत असते. सरसकट परिवर्तन केले तर त्या सूत्राचेही निरर्थक मराठी होते, आणि असे पत्रक कामगारांसमोर लावणे धोक्याचे आहे. वेलांटी पुढून मागे आणि रफार मागून पुढे नेताना जिथे शंका येईल तिथे परिवर्तकाने स्वतःच निर्णय घेऊ नये. तो शब्द रंगवून ठेवावा, म्हणजे माणूस पाहील.

महोदय, हे शासनाचे काम नव्हे असे कुणी म्हणेल. पण देवनागरी मुद्रणावरचा बापूराव नाईक यांचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९७१ साली महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयानेच प्रसिद्ध केला. शिशाच्या खिळ्यांच्या काळात अक्षर पानावर कसे बसावे याची चिंता शासनाने स्वतःची मानली होती. संस्थेने यशोमुद्रासारखा फाँट सर्वांना खुला करून तीच परंपरा पुढे नेली. फाँट दिला, आता तो ज्या पानावर बसायचा ते पान बांधणारे साधनही हवे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. त्यानिमित्ताने होणाऱ्या खर्चात या कामाला थोडी जागा मिळावी.

आमची प्रत्यक्ष मागणी अशी : संस्थेने निदान दोन वर्षांसाठी स्क्रायबसवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरांचा खर्च उचलावा, आणि त्यांच्या शेजारी रोज पाने लावणारा एक तरी डीटीपीवाला बसवावा. केलेले काम मूळ प्रकल्पातच जमा व्हावे. वेगळी ‘मराठी आवृत्ती’ काढू नये. अशी आवृत्ती पहिल्या निधीबरोबर संपते आणि नंतर तिला कुणी वाली राहत नाही. वर लिहिलेली सर्व अवघड अक्षरे आणि शब्द घेऊन संस्थेने एक चाचणीपत्रक प्रसिद्ध करावे, म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरचा मराठीचा दावा दहा मिनिटांत तपासता येईल. शासनाच्या पैशाने छापल्या जाणाऱ्या प्रत्येक मराठी पुस्तकाची आणि अहवालाची युनिकोडातली मूळ फाइल आणि शोधता येणारा पीडीएफ घेतल्याशिवाय बिल मंजूर होऊ नये, अशी शिफारस संस्थेने मराठी भाषा विभागाकडे करावी. ही अट आली तर आमच्यासारखे पुष्कळजण वर्षभरात जुने फाँट सोडतील, कारण आज तसे करायला गिऱ्हाइकांपैकी कुणी सांगत नाही. आणि पहिले प्रशिक्षण बोईसरला ठेवावे. जागा आम्ही पाहू.

आमच्याकडूनही काही देण्याची तयारी आहे. आमच्या दुकानांतल्या जुन्या फाँटांतल्या फायली, त्यांतली खासगी नावे आणि आकडे काढून व संबंधित संस्थांची परवानगी घेऊन, परिवर्तकाच्या चाचणीसाठी आम्ही संस्थेला विनामूल्य देऊ. नव्या आवृत्तीची प्रूफेही वाचून देऊ.

या निवेदनाची फाइल युनिकोडात आहे आणि सोबतच्या पीडीएफमध्ये ‘नवापूर’ शोधून पाहावे, ही विनंती.

आपले नम्र,
नवापूर, बोईसर, तारापूर व पालघर परिसरातील डीटीपी व्यावसायिक
(सह्या सोबतच्या पानावर)

प्रत माहितीसाठी :
मा. सचिव, मराठी भाषा विभाग, मंत्रालय, मुंबई
मा. जिल्हाधिकारी, पालघर